रागाच्या पोटातले विधान

प्रश्न गोव्यातल्या, बार्देशातल्या एका गृहस्थांचा आहे. त्यांच्या गावात डोंगरकापणीचा विषय पेटला आहे. त्यांनी दोन रविवार खर्चून आकडे जमवले आणि ग्रामसभेत वाचले, पण कोणी ऐकले नाही. मागून एकाने "आमचो दोंगर विकलो!" अशी आरोळी ठोकली आणि सभा त्याच्या मागे गेली. गावच्या व्हॉट्सॲप ग्रूपवरही हेच चालते. ते विचारतात, "राजकीय विचारातून भावना बाजूला कशी काढायची? लोकांचे सोडा, निदान स्वतःपुरती तरी?"

बाजूला काढता येत नाही, आणि काढूही नये. तुमच्या प्रश्नात एक गृहीत दडले आहे, की आरोळी ठोकणारा भावनेने बोलला आणि तुम्ही बुद्धीने. पण ते दोन रविवार तुम्ही घालवलेत कशाच्या जोरावर? गावाची काळजी होती म्हणूनच ना? आणि त्याच्या तीन शब्दांच्या आरोळीतही तपासता येण्याजोगी विधाने आहेत: हा डोंगर 'आमचा' आहे, तो विकला गेला, आणि विकणाऱ्याला तसा अधिकार नव्हता. तुमच्याकडे विधाने होती पण त्यांचे गावाला काय, हे नव्हते. त्याच्याकडे ते होते, पण विधाने तपासलेली नव्हती. खरा प्रश्न या दोन टोकांची गाठ कशी मारायची, हा आहे.

भावना काढून टाकली तर निर्णय शुद्ध होतो हा समज मेंदूच्या अभ्यासाने केव्हाच मोडीत काढला. अंतोनियो दामासिओ या मेंदूतज्ज्ञाने मेंदूचा पुढचा, कपाळामागचा खालचा भाग जायबंदी झालेले रुग्ण तपासले. बुद्धिमापनात ते उत्तम, बोलणे तर्कशुद्ध, फक्त कशानेच आतून हलायचे नाहीत. त्यातल्या एकाला पुढच्या भेटीसाठी दोन तारखा दिल्या, तर कुठली बरी याचे फायदेतोटे तो जवळजवळ अर्धा तास मोजत राहिला आणि निवड काही होईना. राजकारणातही आकडा एवढेच सांगतो की उतार किती आहे. उताराखालच्या तीन घरांची पर्वा करायची की नाही, हे आकड्यात नसते.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी मान्य करतो, कारण पुढची युक्ती सगळीकडे सारखी चालत नाही.

पहिली गोष्ट वेळ. हरकती घेण्याची मुदत चालू असेल तर तपासाला जागा आहे. जेसीबी आजच डोंगरावर चढला असेल तर आधी माणसे जमवावी लागतात, आणि माणसे तक्त्याने जमत नाहीत. दुसरी गोष्ट, वाद वस्तुस्थितीचा आहे की मूल्याचा. उतार किती, परवाना कोणी दिला, हे कागदाने मिटते. मराठी-कोकणीचा वाद कागदाने मिटत नाही. तिसरी गोष्ट तुमचे स्वतःचे स्थान, आणि ती लोक हमखास विसरतात. "कागद दाखवा" हे वाक्य भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) घरातल्या माणसाने उच्चारले आणि ऐकणारा मुंडकाराचा (भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचा) नातू असला, तर त्याला ते वेगळे ऐकू येते. ज्या घराला 1975 चा मुंडकार कायदा येईपर्यंत पायाखालच्या जमिनीचा धड आधार नव्हता, त्या घरात 'कागद' हा शब्द निष्पक्ष नसतो. तुमचे आकडे ऐकले गेले नाहीत त्याचे एक कारण हेही असू शकेल. तुम्हीच ओळखा.

'भावना' असा एकच गठ्ठा धरला की हाती काही लागत नाही, कारण राग, भीती, अभिमान, भक्ती यांचे काम निरनिराळे आहे. मी मुख्यतः राग आणि भीतीवरच थांबतो, कारण ग्रामसभेत ऐंशी टक्के हेच असते (हा शिरस्त्याचा अंदाज, मोजलेला आकडा नव्हे).

राग दोषी शोधतो. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वाचा विचार करताना प्रत्येक भावनेला तीन प्रश्न लावले होते: माणूस कोणत्या मनःस्थितीत असतो, ती भावना कोणाविषयी येते, आणि कशावरून येते. तेवीसशे वर्षांनंतरही यापेक्षा बरे हत्यार सापडत नाही. रागाचा घोळ दुसऱ्या प्रश्नात होतो. कारण खरे असते, पण माणूस चुकीचा धरला जातो. खाणींच्या भागातले उदाहरण घ्या. 7 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण रद्द केले आणि 16 मार्चपासून उत्खनन थांबले. डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या ट्रकमालकाच्या दारात बँकेचा हप्ता उभा राहिला. हा राग शंभर टक्के खरा. पण तो बहुतेक वेळा याचिका करणाऱ्यांवर निघाला. न्यायालयाने दोष काढला तो नूतनीकरण ज्या घाईने आणि ज्या पद्धतीने केले गेले त्यात. खाणपट्टे लिलावाने देण्याचा वटहुकूम जानेवारी 2015 मध्ये आला, आणि पट्ट्यांचे नूतनीकरण त्याच्या तोंडावर उरकले गेले होते. याचिकाकर्त्यांना सोडून द्या असे मी म्हणत नाही. त्यांच्या मागण्यांवरही वाद घालता येतो. पण राग चुकीच्या दारावर गेला की पुढच्या वेळी तीच चूक करणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही, एवढे खरे.

रागाची दुसरी खोड: तो धोका लहान दाखवतो. 2001 च्या हल्ल्यानंतर अमेरिकेत जेनिफर लर्नर आणि सहकाऱ्यांनी लोकांवर प्रयोग केला. काहींच्या मनात राग जागवला, काहींच्या मनात भीती. रागावलेल्यांना पुढचा धोका कमी वाटला, घाबरलेल्यांना जास्त. घटना तीच, अंदाज उलटे. म्हणून चिडलेल्या सभेने "बघून घेऊ, कोर्टात जाऊ" म्हटले की खर्च, वेळ आणि हरण्याची शक्यता या तिन्ही गोष्टी कोणीतरी थंडपणे कागदावर मांडायला हव्यात.

भीतीचे उलटे आहे. घाबरलेला माणूस शोधायला तरी निघतो, माहिती विचारतो. हा तिचा गुण. अडचण अशी की शोधताना तो घाबरवणारे तेवढे उचलतो. म्हादई नदीच्या पाण्याचे बघा. "सगळे पाणी कर्नाटक नेणार" हे वाक्य चवथीच्या दिवसांतही आरतीनंतर ऐकू येते. लवादाच्या 14 ऑगस्ट 2018 च्या निवाड्यात गोव्याला 24 टीएमसी, कर्नाटकाला 13.42 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी पाणी दिले आहे. एक टीएमसी म्हणजे 100 कोटी घनफूट, सुमारे 2.83 कोटी घनमीटर. म्हणजे 'सगळे पाणी' हे विधान पडले. आता बहुतेक जण इथेच थांबतात आणि चूक करतात: विधान पडले म्हणजे भीतीही वेडी ठरली असे समजतात. तसे नसते. भीतीने विधान चुकीचे निवडले होते, एवढेच. नदीचे बहुतेक पाणी पावसाळ्याच्या चार महिन्यांत येते. वार्षिक आकडा कितीही मोठा असला तरी मार्च-एप्रिलमध्ये प्रवाह किती उरतो, खालच्या खाडीपट्ट्यात खारे पाणी किती वर चढते, आणि पाणी खोऱ्याबाहेर वळवले तर ते परत येते का, हे खरे प्रश्न. भीतीला "किती पाणी?" ऐवजी "कोणत्या महिन्यात किती?" असे विचारायला शिकवले की तीच भीती अभ्यासू होते. आणि हो, निवाड्याला तिन्ही राज्यांनी सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आहे. आपणच तेवढे नाराज, हाही भ्रम ठेवू नये.

अभिमानाबद्दल थोडक्यात: तो माणसाला सवयीच्या बाजूला टिकवून धरतो, नवीन माहिती घेऊ देत नाही. भक्तीबद्दल तर 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात डॉ. आंबेडकर बोलून गेले आहेत, की धर्मात भक्ती मुक्तीकडे नेईलही, पण राजकारणात ती अधोगती आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते. त्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

आता तुमच्या बाजूकडे वळू, म्हणजे आकडेवाल्यांकडे. आकडे हाती असले की आपण भावनेपासून सुरक्षित, असे वाटते. डॅन कहान यांच्या प्रयोगाने हा भ्रम चांगलाच उतरवला. 1,111 लोकांना एक तक्ता दिला. त्वचेवरचे एक मलम. वापरलेल्यांपैकी 223 जणांचे पुरळ सुधारले, 75 जणांचे बिघडले. न वापरलेल्यांपैकी 107 सुधारले, 21 बिघडले. मलम गुणकारी का? बरेच जण 223 आणि 107 कडे बघून हो म्हणतात. पण प्रमाण काढा: वापरणाऱ्यांत 298 पैकी 223, म्हणजे सुमारे 75 टक्के, न वापरणाऱ्यांत 128 पैकी 107, म्हणजे सुमारे 84 टक्के. मलमापेक्षा स्वस्थ बसलेले बरे. आकडेमोडीत तरबेज असलेल्यांना हे जास्त जमले. मग हेच आकडे ठेवून विषय बदलला: मलमाऐवजी बंदूकबंदी, पुरळाऐवजी गुन्हे. आता तरबेज लोकांनीही गणित बरोबर केले ते मुख्यतः उत्तर आपल्या पक्षाच्या सोयीचे असले तेव्हाच. गैरसोयीचे असले की वरवर बघून मोकळे झाले. हुशारीमुळे दोन गटांतली दरी कमी झाली नाही, उलट वाढली.

म्हणजे बुद्धी बहुतेक वेळा न्यायाधीश नसते, वकील असते. ज्याने फी दिली त्याच्या बाजूने बोलते. मग स्वतःला आवरायचे कसे? "मी निष्पक्ष राहीन" असा निश्चय कामाला येत नाही. हेही तपासलेले आहे. चार्ल्स लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी 1979 मध्ये फाशीच्या शिक्षेच्या बाजूचे आणि विरुद्ध असे दोन्ही प्रकारचे पुरावे 48 विद्यार्थ्यांना वाचायला दिले. वाचून दोन्ही गट आपापल्या मतावर अधिकच घट्ट झाले. 1984 मध्ये त्यांनी पुढचे पाऊल टाकले. एका गटाला "निष्पक्ष राहा" सांगितले; फरक पडला नाही. दुसऱ्याला सांगितले, "याच पद्धतीने केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष उलट आला असता, तर तुम्ही त्याला हेच गुण दिले असते का?" हा प्रश्न कामी आला.

गोव्यात याचा सराव करायला पक्षांतरासारखी तालीम नाही. जुलै 2019 मध्ये काँग्रेसच्या 15 पैकी 10 आमदार भाजपात गेले. जानेवारी 2022 मध्ये त्याच पक्षाने उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मी मंदिरात, बांबोळीच्या क्रुसापाशी आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याच्या शपथा घ्यायला लावल्या, आणि सप्टेंबरमध्ये 11 पैकी 8 जण पुन्हा भाजपात गेले. राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात (पक्षांतरबंदी) अपात्रता टाळायला दोन तृतीयांशांची अट आहे: 15 चे दोन तृतीयांश 10, आणि 11 चे 7.33, म्हणजे 8. दोन्ही वेळा आकडा बरोबर अटीवर येऊन थांबला. मतदाराचा राग शपथ मोडल्याचा होता, आणि तो बरोबरच होता. पण रोखायचे असेल तर हात परिशिष्टातल्या त्या अपूर्णांकाला घालावा लागेल, देवळातल्या शपथेला नव्हे. आता उलट प्रश्न स्वतःला विचारा: माझ्या आवडत्या पक्षात दुसरीकडून आमदार आले तेव्हा मी त्याला काय नाव दिले होते? पक्षांतर, की 'विकासासाठी घेतलेला निर्णय'? नव्वदच्या दशकात इथली सरकारे ज्या वेगाने पडली ते आठवले, तर या पापात एकाच पक्षाची मक्तेदारी नाही हे कळते.

बाकी प्रत्यक्ष काम कागदावरचे आहे. ते तुमच्याच डोंगरावर करून दाखवतो.

एक कोरा कागद आडवा घ्या. डाव्या बाजूला ग्रूपवरचे वाक्य जसेच्या तसे लिहा, सभ्य करू नका. "डोंगर दिल्लीवाल्यांना विकला, पंचांनी पैसे खाल्ले, पावसात गाव वाहून जाणार." मधल्या रकान्यात यातून तपासता येणारी विधाने काढा. उजवीकडे ती कुठल्या कागदाने ठरतील ते लिहा.

'विकला' हे विधान एक-चौदाच्या (गोव्यातल्या सातबाऱ्याच्या) उताऱ्याने ठरते. सर्व्हे क्रमांक आणि उपविभाग दोन्ही लागतात. नुसता सर्व्हे क्रमांक घेऊन गेलात तर शेजारच्याच्या माडांचा उतारा घेऊन याल. तो ऑनलाइनही बघता येतो. पण जमीन विकणे हा गुन्हा नाही, आणि घेणारा दिल्लीचा असणे हाही नाही. इथे रागाचा मोठा भाग गळून पडतो, तो पडू द्या. उरते ते हे: जमिनीचा वापर बदलला का, सनद (वापर बदलायची परवानगी) झाली का?

'पैसे खाल्ले' हे ग्रामसभेत तपासता येत नाही. नावानिशी बोललात तर उद्या बदनामीची नोटीस तुमच्या दारात, आणि मूळ विषय बाजूला. त्याऐवजी विचारा: बांधकाम परवाना कोणत्या तारखेच्या मासिक सभेत, कोणत्या ठरावाने दिला? कोणी विरोध नोंदवला? इतिवृत्ताच्या प्रती मागा. संशयाला उत्तर असलेच तर ते तिथेच असते.

'वाहून जाणार' हे सगळ्यात महत्त्वाचे, आणि लोक याचाच गोंधळ करतात. 'प्रादेशिक आराखडा 2021' या गोव्याच्या जमीनवापर आराखड्यात 25 टक्क्यांहून अधिक उतार हा बांधकामासाठी बंद धरला आहे. 25 टक्के म्हणजे 25 अंश नव्हे. आडवे 100 मीटर गेल्यावर 25 मीटर चढ असेल तर तो 25 टक्के. अंशांत तो जेमतेम 14 भरतो. 25 अंशांचा उतार म्हणजे जवळजवळ 47 टक्के. मोबाइलवरच्या ॲपने अंश मोजून "एकोणीसच आहे, पंचवीसच्या आत" असे सांगून बिल्डरचा माणूस सभेला गार करू शकतो. 19 अंश म्हणजे 34 टक्के. समोच्चरेषांचा नकाशा असेल तर काम आणखी सोपे: दोन रेषांत उंचीचे 5 मीटरचे अंतर असेल आणि नकाशाच्या प्रमाणानुसार त्या एकमेकींपासून 20 मीटरहून जवळ असतील, तर उतार 25 टक्क्यांच्या वर. शिवाय डोंगर कापायला नगर व ग्रामनियोजन कायदा 1974 च्या कलम 17अ खाली वेगळी परवानगी लागते. पंचायतीचा बांधकाम परवाना तिची जागा घेऊ शकत नाही.

वेळेचे गणित चुकवू नका. माहिती अधिकारात उत्तराला 30 दिवस. ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या एखाद्या रविवारी. म्हणजे जुलैच्या सभेसाठी अर्ज मेच्या मध्याला आत पडला पाहिजे, नाहीतर सभेत हाती राग तेवढा राहतो. आणि अर्जात "सर्व माहिती द्यावी" लिहू नका. कागदाचे नाव, सर्व्हे क्रमांक आणि कालावधी लिहा.

सभेत बोलताना क्रम बदला. तुम्ही आकड्याने सुरुवात केली, तिथेच सभा गमावली. आधी भावना, मग विधान, मग कागद, मग मागणी. चार वाक्ये पुरतात. "डोंगराच्या पायथ्याला तीन घरे आहेत, पाऊस वाढला की ती रात्रभर जागी असतात. ज्या सर्व्हे क्रमांकावर काम चालले आहे तिथला उतार नकाशावर 25 टक्क्यांच्या वर दिसतो. कलम 17अ ची परवानगी फायलीत नाही, हे पंचायतीचेच उत्तर. सचिवांनी पंधरा दिवसांत नगरनियोजन खात्याला पाहणीसाठी लिहावे आणि पत्राची प्रत फलकावर लावावी." पहिले वाक्य सजावटीचे नाही. ते नसेल तर पुढची तीन कशासाठी, हे सभेला कळत नाही. तीच तीन घरे शक्य तर सभेत हजर ठेवा.

काही ठिकाणी ही पद्धत पंगू पडते, तेही सांगतो. जिथे वाद 'आपण कोण' याचा आहे तिथे कागद संपतात. 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल हे मराठी वाचकाच्या जिव्हारी लागणारे उदाहरण. महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या 'फूल' या चिन्हाला 1,38,170 मते, केंद्रशासित राहण्याच्या 'दोन पाने' या चिन्हाला 1,72,191. फरक 34,021 चा. दोन्ही बाजूंना भावना होत्या आणि दोन्ही बाजूंना कारणे होती. एका बाजूला मराठीची ओढ आणि मोठ्या राज्यात गेल्याशिवाय भाटकारशाही सुटणार नाही हा हिशेब. दुसऱ्या बाजूला वेगळेपणाचा अभिमान, आणि मुंबईहून कारभार, नोकऱ्या, इतकेच काय महाराष्ट्रातली दारूबंदी यांचा हिशेब. 'ते भावनेने हरले, आम्ही विचाराने जिंकलो' हे वाक्य दोन्ही तोंडी आपापल्या सोयीने ऐकू येते.

या कौलाची एक लाडकी गोष्टही आहे. मार्च 1967 मध्ये दयानंद बांदोडकरांचा विलीनीकरणवादी मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष 30 पैकी 16 जागा घेऊन पुन्हा सत्तेवर आला. तेव्हा गोमंतकीय मतदाराने भाषिक प्रश्न आणि सरकार यांत सुज्ञपणे फरक केला, असे म्हणतात. ऐकायला छान. पण आकड्यांतून ते सिद्ध होत नाही. कौलात सगळ्या गोव्याची मते एकत्र मोजली, विधानसभेत मतदारसंघागणिक. कौलात फुलाला वैध मतांपैकी सुमारे 44.5 टक्के मिळाली. एवढाच पाठिंबा अनेक उमेदवारांच्या लढतीत बहुमताच्या जागा द्यायला पुरतो, एकाही माणसाने मत न बदलता. काहींनी फरक केलाही असेल. पण जी गोष्ट आपला अभिमान सुखावते तिचे गणित आपण करत नाही, त्याचा हा घरचाच नमुना.

अशा मूल्याच्या वादात दुसरे तंत्र थोडे उपयोगी पडते: समोरच्याला "का?" असे न विचारता "कसे?" विचारा. का विचारले की माणूस आधीची कारणे पाठ म्हणतो. "बरे, मराठी राजभाषा झाली, तर तलाठ्याच्या कचेरीत पहिल्या दिवशी नेमके काय बदलेल?" असे विचारले की दोघांनाही आपल्याला किती कमी माहीत आहे ते दिसते. फिलिप फर्नबाख यांच्या 2013 च्या प्रयोगात अशा विचारण्याने टोकाची मते सौम्य झाली होती. नंतरच्या प्रयोगांत लोकांना आपले अज्ञान जाणवले, पण मते तितकी हलली नाहीत. म्हणून याला जादू समजू नका. भांडणाची पट्टी खाली येते, तेवढेही पुष्कळ.

व्हॉट्सॲपवर मात्र यातले काही करू नका. तिथे शंभर माणसांसमोर कोणी मत मागे घेत नाही. फॉरवर्ड खोटा असेल तर टाकणाऱ्याला खाजगीत कागद पाठवा आणि ग्रूपवर त्यालाच दुरुस्ती टाकू द्या. श्रेय त्याला जाईल, जाऊ द्या.

एक शेवटचा, इथलाच पेच. सभेत राग कोकणीत येतो, ठराव मराठीत किंवा इंग्रजीत लिहिला जातो, आणि वाटेत अर्धा अर्थ सांडतो. "ग्रामसभा तीव्र निषेध करते" असा ठराव म्हणजे रागाचा मृत्यूचा दाखला: त्यात कोणी, काय, कधीपर्यंत करायचे, काहीच नसते. सभा उठण्यापूर्वी सचिवांना ठराव मोठ्याने वाचायला लावा. मग ज्याने आरोळी ठोकली होती त्याच्याकडे वळून कोकणीतच विचारा, "तुका जें सांगपाचें आशिल्लें तें हातूंत आयलें?" (तुला जे सांगायचे होते ते यात आले का?) तो नाही म्हणाला, तर कुठला शब्द राहिला ते त्यालाच विचारा आणि सह्या होण्याआधी लिहून घ्या.